तुणतुण्याचा कैवार

एखादा मनुष्य तेंच तेंच बोलून ऐकणाऱ्याला नकोसें करूं लागला कीं "आपलेंच तुणतुणें वाजवीत बसला आहे" असें आपण म्हणतों. वीणेच्या वांट्याला आपल्या भाषेंत कौतुकाचे शब्द आले, नगाऱ्याला निदान दरारा मिळाला. तुणतुण्याला मात्र कंटाळ्याचें दुसरें नांव होऊन राहावें लागलें. हा वाक्प्रचार वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्यांत आपल्या समाजाचें एक जुनें मत गोठून बसलें आहे. जें वाद्य स्वस्त, जें घरीं करतां येतें, ज्याला तार एकच, आणि ज्याच्या वादकाच्या अंगावर भरजरी अंगरखा नसतो, तें वाद्य ह्या नांवाला पात्रच नाहीं, असें तें मत आहे. हें मत चुकीचें आहे आणि मुलांच्या गाण्याचें नुकसान करणारें आहे, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें आम्ही कुर्ल्याकडे बोट दाखवून मांडणार आहों.

कुर्लाच कां, असें कोणी विचारील. संगीताचा इतिहास लिहिणारे मिरज, पुणें, कोल्हापूर, बडोदें हीं नांवें घेतात. कुर्ल्याचें नांव त्यांच्या लिखाणांत सांपडावयाचें नाहीं. पण १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्याला जी पहिली आगगाडी निघाली तिची वाट ह्याच गांवावरून गेली. १८८६ सालीं जमशेटजी टाटांनीं येथली धरमसी गिरणी विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यापर्यंतच धांवली. रेल्वे आणि गिरणी आली तेथें माणूस आला, आणि माणूस येतांना आपलें गाणें बरोबर घेऊन आला. कोंकणांतल्या कामगारानें चाळींत भजनाची पेटी आणि मृदंग आणला. घांटावरच्या कामगारानें पोवाडा, गोंधळ आणि त्यांच्याबरोबर तुणतुणें आणलें. पोर्तुगीज अमदानींत ज्याचा पाया पडला त्या होलीक्रॉस चर्चच्या आसपास घरांत मराठी बोलणारीं ख्रिस्ती कुटुंबें होतीं. त्यांच्याकडच्या लग्नासमारंभांतून गिटार आणि व्हायोलिन ऐकूं येई. गिरणी पुढें बंद पडली, पण हीं गाणीं बंद पडलीं नाहींत.

ह्या तिन्ही वळणांचें गाणें कानांवर पडत वाढलेल्या मुलाला एके दिवशीं स्वतःचें वाद्य हवेंसें वाटतें. दुकानांतली गिटार त्याला परवडत नाहीं. मिरजेचा तंबोरा तर त्याच्या बापाच्या महिन्याच्या मिळकतीला भारी पडतो. अशा वेळीं त्याला जो मार्ग उरतो तो त्याच्या आजोबांच्या पिढीनें चोखाळलेलाच आहे. तुणतुण्याची रचना फार सोपी. एक लांकडाचें पोकळ नळकांडें घ्यावें. त्याचें खालचें तोंड कातड्यानें मढवावें. कातड्याच्या मधोमध भोंक पाडून त्यांतून तार ओंवावी आणि ती निसटूं नये म्हणून खालच्या बाजूनें गुंडी किंवा जुना पैसा अडकवावा. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक दांडी ठोकावी, दांडीच्या वरच्या टोंकाला खुंटी बसवावी आणि तारेचें दुसरें टोंक खुंटीला गुंडाळावें. झालें तुणतुणें. लांकूड न मिळालें तर तेलाचा रिकामा डबा चालतो. कुर्ल्यांत ह्यांतलें कांहींच दुर्मिळ नाहीं. भंगाराचा बाजार गांवांतच आहे. कसाईवाडा गांवांतच आहे, तेव्हां बकऱ्याच्या कातड्याची वाण नाहीं. सायकलीच्या ब्रेकच्या तारेचा एक पदर सोडविला कीं तारेची सोय होते. आणि मांडव घालणाराकडे बांबूचा तुकडा मागितला तर तो नाहीं म्हणत नाहीं. कोणी मुलगा दांडी रुंद करतो, डब्याऐवजीं फळ्यांची पेटी लावतो, तारा एकीच्या तीन करतो आणि त्याला गिटार म्हणतो. म्हणूं द्या. नांवानें सूर बदलत नाहीं, आणि आमचें पुढील विवेचन दोहोंनाही सारखेंच लागू आहे.

असें घरचें वाद्य हातांत घेऊन मूल गाऊं लागलें कीं जाणत्या मंडळींकडून तीन आक्षेप येतात. ते एकेक करून पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं गाणें आणि वाजविणें हीं दोन कामें शिकाऊ मुलानें एकाच वेळीं करूं नयेत. त्यानें लक्ष दुभंगतें. गळाही तयार होत नाहीं आणि हातही. आधीं कांहीं वर्षें गळा तयार करावा, मग वाद्याला हात लावावा. हा आक्षेप घेणारे पुष्कळदां स्वतः संगीताचे वर्ग चालविणारे असतात, त्यामुळें तो वजनदार वाटतो. पण आपल्या परंपरेशीं तो ताडून पाहिला कीं टिकत नाहीं. वारकऱ्यांच्या दिंडींतला विणेकरी वीणा गळ्यांत घेऊनच अभंग म्हणतो. गोंधळी संबळ आणि तुणतुणें घेऊन उभा राहतो तो मुक्यानें उभा राहात नाहीं. तुणतुणें वाजविणाराच झील धरतो. कोंकणी भजनाच्या डबलबारींत बुवा पेटीवर बोटें चालवीत गातात, प्रतिस्पर्ध्याला जागच्या जागीं उत्तर देतात, आणि त्यांचा हात किंवा गळा त्यामुळें लंगडा पडल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. ख्यालगायकाच्या मांडीवरही तंबोरा असतो. आवाज आणि हात ह्यांची फारकत ही आपल्या गाण्याची रीत नव्हे. एका शिक्षकासमोर चाळीस मुलें बसविण्याच्या सोयीसाठीं ती निघाली, आणि सोय हीच पद्धति आहे असा समज पुढें दृढ झाला.

लक्ष दुभंगतें हें मात्र सुरुवातीला खरें आहे, आणि तें कोठें दुभंगतें हें पाहण्यासारखें आहे. नवशिक्या मुलाचा हात शब्दांच्या मागें धांवूं लागतो. गाण्यांत चार अक्षरें झरझर आलीं कीं हातानेंही चार झटके मारले. एक अक्षर लांबलें कीं हातही थबकला. म्हणजे हात गळ्याचा नोकर होतो आणि लय कोणाचीच राहात नाहीं. ह्यावर उपाय जुना आहे. आधीं नुसता हात चालवावा, तो इतका कीं शेजारच्याशीं बोलतांनाही चुकूं नये. मग त्या ठोक्यांवर एक ते आठ आंकडे म्हणावे. मग तारेच्या सुरांत नुसता आ-कार धरावा. मग गाण्याचे शब्द बोलल्यासारखे ठोक्यावर टाकावे आणि अखेरीस त्यांना चाल लावावी. ह्या क्रमांत ज्या दिवशीं हात आपोआप चालूं लागतो आणि गळा त्याच्यावर मोकळा फिरूं लागतो, त्या दिवशीं मुलाला लय समजते. त्यापूर्वीं त्याला लयीची व्याख्या पाठ असली तरी लय समजलेली नसते. हा दिवस गळा आधीं आणि वाद्य मागून ह्या पद्धतीनें येत नाहीं असें नाहीं. पण फार उशिरां येतो, आणि तोंपर्यंत पुष्कळ मुलें वर्ग सोडून गेलेलीं असतात.

येथेंच तुणतुण्याचा एक गुण सांगितला पाहिजे, ज्याकडे विद्वानांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. तंबोरा सूर देतो, पण लय देत नाहीं. त्याच्या तारा एकामागून एक अशा छेडावयाच्या असतात कीं गाण्याच्या लयीशीं त्यांचा संबंध येऊं नये. तबला किंवा ढोलकी लय देते, पण मुलाच्या आवाजाला आधार देईल असा अखंड सूर देत नाहीं. तुणतुण्याची एकटी तार मात्र दोन्ही कामें करते. तिचा प्रत्येक झटका षड्ज सांगतो आणि त्याच झटक्यानें लयीचें माप पडतें. पोवाड्यांत शाहिराच्या मागें उभा असलेला तुणतुणेवाला म्हणूनच क्षुल्लक माणूस नव्हे. शाहीर आवेशांत वर चढला तर परत येण्याचें घर तोच सांभाळून ठेवतो. ज्या मुलाला शिक्षक मिळणार नाहीं, तंबोरा मिळणार नाहीं, तबलजी तर नाहींच नाहीं, त्याला सूर आणि लय एकाच तारेंत, जवळ जवळ फुकट, देणारें दुसरें कोणतें वाद्य आहे तें आक्षेपकांनीं सांगावें.

दुसरा आक्षेप असा कीं घरीं केलेलें वाद्य बेसूर असतें. त्यावर शिकलेला कान कायमचा बिघडतो. ह्यावर आमचें पहिलें उत्तर असें कीं तारेला डब्याची जात कळत नाहीं. ताणलेली तार कोणत्याही नळकांड्यावर असो, ती मूळ नादाबरोबर आपले अंशनाद घेऊनच बोलते. तिसऱ्या अंशांत पंचम आणि पांचव्यांत गंधार असतो. तंबोऱ्यांत हाच गंधार स्वयंभू म्हणून ओळखला जातो. तुणतुण्याला जवारी नाहीं, म्हणून तो तेथें तितका स्पष्ट होत नाहीं, एवढाच भेद. डब्याचा आवाज पत्र्यासारखा येतो, कातड्याचा मऊ येतो; पण हा आवाजाच्या रंगाचा प्रश्न झाला. बेसूरपणाचा त्याच्याशीं संबंध नाहीं.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. सूर लागणें आणि सूर लावणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि दुसरी आल्यावांचून पहिली पक्की होत नाहीं. घरच्या वाद्याची खुंटी सरकते. पावसाळ्यांत कातडें ओल धरतें, सैल पडतें आणि सूर खालीं जातो. मग तें चुलीजवळ शेंकावें लागतें, तार पुन्हां ओढावी लागते. आक्षेपक ह्याला दोष म्हणतात. आमच्या मतें हाच त्याचा शिक्षकपणा आहे. दिवसांतून चार वेळां ज्याला आपला षड्ज शोधावा लागतो त्याचा कान झोंपूं शकत नाहीं. मोबाइल फोनांत हल्लीं तंबोरा मिळतो. बटण दाबलें कीं अचूक षड्ज, आणि तो जन्मांत उतरत नाहीं. रियाजाला त्याची सोय आहे हें आम्हांस मान्य आहे. पण तो मुलाला कांहीं विचारीत नाहीं, आणि ज्याला कोणी कांहीं विचारलेंच नाहीं त्याला उत्तर शोधण्याची संवय कोठून लागणार? मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं गेले. त्यांच्या गाण्याइतकीच त्यांच्या तंबोरे जुळविण्याची ख्याति झाली. एवढ्या मोठ्या गवयानें ज्या कामाला कमीपणा मानला नाहीं तें काम मुलाच्या हातून काढून घेण्यांत आपण त्याच्यावर कोणता उपकार करतों?

आणि षड्ज तरी कोणाचा? शाळेंतल्या पेटीवर मास्तर एक पट्टी धरतात, काळी चार म्हणा कीं काळी पांच म्हणा, आणि सबंध वर्ग त्या पट्टींत गातो. ज्याचा गळा तेथें पोंचत नाहीं तो ओरडतो. ज्याचा गळा तेथें दबतो तो गप्प बसतो. आणि दोघांनाही "तुला गळा नाहीं" असें प्रशस्तिपत्र मिळतें. एका खुंटीच्या वाद्याला हा जुलूम ठाऊक नाहीं. मुलानें आपल्या आवाजाच्या आरामाची जागा शोधावी आणि खुंटी तेथें आणून ठेवावी. "तुला गळा नाहीं" म्हणून घरीं पाठविलेल्या मुलांपैकीं कित्येकांना नुसती पट्टी नव्हती, गळा होताच, अशी आमची खात्री आहे.

तीन तारांची घरगुती गिटार करणाऱ्या मुलाला पडदे कोठें बसवावे हा प्रश्न पडतो, आणि येथें चूक झाली तर ती कायमची राहते हें खरें. म्हणून त्यानें प्रथम पडदे बसवूंच नयेत. तारेच्या लांबीएवढी सुतळी घ्यावी. ती दुमडून निम्मी केली आणि तेथें तार दाबली कीं तार षड्ज बोलतो. सुतळीचे तीन समान भाग करून त्यांतले दोन वाजते ठेवले कीं पंचम. चार भाग करून तीन वाजते ठेवले कीं मध्यम. पुढें पडदे बसवावयाचेच झाले तर गिटार करणारांचा जुना हिशेब आहे: प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा सुमारें अठरावा भाग सोडावा. सुतळीनें सप्तक मोजणारें मूल अपूर्णांक आणि स्वर एकाच बैठकींत शिकतें. हा लाभ दुकानांतून तयार आलेली गिटार देत नाहीं.

घरच्या वाद्यावर शिकून कान बिघडतो ह्या भीतीला परदेशांतूनही आधार मिळत नाहीं. अमेरिकेंतल्या काळ्या शेतमजुरांच्या मुलांनीं सिगारच्या पेट्यांना काठी लावून आणि केरसुणीची तार भिंतीला ठोकून वाद्यें केलीं, आणि तेथल्या ज्या गाण्याला पुढें सर्व जगानें मान दिला त्याचे कित्येक गायक अशा वाद्यांवर पहिले सूर शिकले. १९५६ सालीं लिव्हरपूल शहरांत शाळेंत जाणाऱ्या जॉन लेनन नांवाच्या मुलानें एक मेळ जमविला. त्यांत खर्जाच्या सुरासाठीं चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधलेलें वाद्य होतें. त्या मेळांतूनच पुढें बीटल्स निघाले. ह्यावरून प्रत्येक डब्यांतून मोठा गवई निघतो असें आम्ही म्हणत नाहीं. डबा आडवा येत नाहीं, एवढेंच म्हणतों.

वाद्यांच्या कुळाविषयीं आपले निर्णय किती टिकाऊ असतात ह्याचें उदाहरण घरचेंच आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटी परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी ठरवून तिला बाहेर काढलें. ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. ह्या तीस वर्षांत कोंकणी बुवांनीं पेटी सोडली नाहीं, कीर्तनकारांनीं सोडली नाहीं, नाटकवाल्यांनीं सोडली नाहीं; आणि आज तीच पेटी शाळांतून कुलीन म्हणून मिरवते व तुणतुण्याकडे नाक मुरडून पाहते. काल जिला दाराबाहेर उभें केलें होतें तिनें आज दुसऱ्याला दाराबाहेर उभें करावें, हा न्याय मजेचा आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड लिहीत नाहीं, पण तोच सर्वांत खोल आहे. तुणतुणें हें मागणाऱ्याचें वाद्य. आगगाडीच्या डब्यांत डोळे गेलेला माणूस जें वाजवीत हात पुढें करतो, तें आपल्या मुलाच्या हातांत पाहणें बापाला सोसत नाहीं. ह्या आक्षेपाला आम्ही हंसणार नाहीं. विशेषतः ज्या जातींवर वाजविणें हें गांवकीचें सक्तीचें काम म्हणून लादलें गेलें, ज्यांच्या हातचें कातड्याचें वाद्य देवळाच्या दारापर्यंत चाले पण वाजविणारा उंबऱ्याच्या आंत चालत नसे, त्यांतल्या विचारी माणसांनीं "आतां आमच्या मुलांच्या हातीं हें नको, पुस्तक द्या" असें म्हटलें तर त्यांत अपमानाची आठवण आहे, आणि ती खरी आहे.

पण त्याच माणसांनीं त्या वाद्यांचें पुढें काय केलें हेंही पाहिलें पाहिजे. सत्यशोधकांनीं तमाशाचा सांगाडा घेऊन जलसा उभा केला आणि त्यांत भटशाहीचा समाचार घेतला. १९३० नंतरच्या काळांत नाशिकच्या बाजूला भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं आंबेडकरी जलसे काढले. ज्या साजांवर काल जोहार घातला जाई त्याच साजांवर हक्काची मागणी गाइली जाऊं लागली. सिन्नर तालुक्यांतल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईंत येऊन प्रौढपणीं अक्षरें शिकले आणि हजारों गीतें रचून २००४ सालीं गेले. कुर्ल्याहून दोन स्थानकें पलीकडे, घाटकोपरच्या चिराग नगरांत अण्णा भाऊ साठे राहात. वाटेगांवच्या ह्या माणसानें शाळेचें तोंड दीड दिवस पाहिलें. तमाशाच्या फडांतून तो घडला, आणि १९४४ सालीं अमर शेख व गव्हाणकर यांच्याबरोबर त्यानें लाल बावटा कलापथक उभें केलें. ज्या फडाला ढोलकी आणि तुणतुणें ह्यांपलीकडे भांडवल नव्हतें त्या फडानें गिरणगांवाला जागें केलें. तेव्हां वाद्याला भीक चिकटलेली नसते. वाजविणाऱ्यापुढें दुसरा मार्ग ठेवलेला नसतो तेव्हां त्याला भीक मागावी लागते. वाद्य काढून घेतल्यानें तो मार्ग मोकळा होत नाहीं. उलट, कोणापुढें हात न पसरतां गातां येईल असें एकमेव साधन त्याच्या हातून जातें.

आतां ह्या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशीं जें एकच आहे तें स्पष्टपणें मांडतों. आपल्याकडे वाद्य करणारा एक, वाजविणारा दुसरा आणि गाणारा तिसरा. कातड्याला हात लावणारा खालचा, साथ करणारा मधला, गाणारा वरचा. मिरजेच्या ज्या शिकलगार घराण्यांनीं हत्यारें परजण्याचा धंदा सोडून भोपळ्यांतून तंबोरे घडविले, त्यांच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. पण आपल्या मैफलीच्या पत्रिकेवर तंबोरा घडविणाराचें नांव कधीं कोणीं छापलें आहे काय? तेलाचा डबा मढवून त्यावर गाणारें कुर्ल्याचें मूल ही उतरंड नकळत मोडतें. त्याच्या ठिकाणीं करणारा, वाजविणारा आणि गाणारा हे तिघे एकच असतात. त्याचें वाद्य पाहून जें हसूं येतें त्यांत डब्याचें हसूं थोडें आणि ह्या मोडलेल्या उतरंडीची अस्वस्थता फार असते.

ह्याला उत्तर म्हणून कोणी शास्त्राचा हवाला देईल, तर आम्ही विष्णु दिगंबरांचा हवाला देऊं. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनीं गाणें घराण्यांच्या बंद खोलींतून बाहेर आणलें. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईंत विद्यालय काढलें, आणि त्याला वाद्यें करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना जोडला. गाण्याच्या शाळेंत रंधा आणि सरस असावा हें ज्या थोर शिक्षकाला कळलें, त्याच्या नांवानें गळा आणि हात वेगळे ठेवण्याचें समर्थन कोणीं करूं नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. १९५० सालीं कुर्ला मुंबईच्या महानगरपालिकेच्या हद्दींत आला. तेथल्या मुलांच्या शाळा पालिकेच्या हातीं आहेत. त्या शाळांत हस्तव्यवसायाचा तास आणि संगीताचा तास हे वेगळे वेगळे घेतले जातात, आणि बहुधा दोन्ही वेळांपत्रकावरच राहतात. ते एकत्र करावे. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत हाताच्या उद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला आणि पुष्कळ शाळांतून मुलांच्या हातीं टकळी आली. टकळीनें सूत निघत होतें. तुणतुण्यानें सूर निघेल. एक डबा, हातभर काठी, वीतभर कातडें, एक तार, एक खुंटी एवढेंच सामान. चार तासांत वाद्य तयार होतें आणि वर्षभर शिकवीत राहतें. प्रत्येक मुलानें आपलें वाद्य स्वतः करावें, आपल्या पट्टींत लावावें आणि त्यावर एक अभंग, एक पोवाड्याचा चौक आणि आपल्या घरांत म्हटलें जाणारें एक गाणें, मग तें कोणत्याही धर्माचें असो, वाजवीत म्हणावें. ज्याला पुढें जावयाचें आहे तो तंबोऱ्याकडे जाईल, पेटीकडे जाईल, खऱ्या गिटारकडे जाईल. एका तारेवर सर्व संगीत मावतें असा आमचा दावा नाहीं, आणि गरिबांच्या मुलांनीं डब्यावरच समाधान मानावें असें म्हणणाराच्या तर आम्ही विरुद्ध आहों. जें मूल एका तारेवर सूर लावावयास शिकलें त्याला चार तारांचा तंबोरा मिळवून देणें हें पालिकेचें पुढचें कर्तव्य आहे, आणि त्यासाठीं आम्ही पुन्हां लिहूं.

ज्यांना हें पटत नाहीं त्यांना आमचें एक आव्हान आहे. वादासाठीं लेखणी उचलण्यापूर्वीं त्यांनीं एक डबा घ्यावा, त्यावर स्वतःच्या हातानें तार चढवावी, आपला षड्ज शोधावा आणि एक महिनाभर रोज अर्धा तास, हात न थांबवितां, एकच अभंग म्हणावा. महिन्याच्या शेवटीं हात चालत असेल आणि गळा मोकळा असेल, तर त्यांनीं मुलांच्या वाटेंतून बाजूला व्हावें. हात अडखळत असेल, तर मग कुर्ल्याच्या एखाद्या मुलाकडे जाऊन विचारावें. तें हंसल्यावांचून शिकवील.